भागीकाकींची चूक

भागीकाकी अंडं हातात घेतलं की आधी त्याच्याकडे बघत नसत. डोळे मिटून ते तळहातावर एकदा फिरवायच्या, निमुळत्या टोकावरून अंगठा नेऊन परत आणायच्या आणि मगच बोलायच्या. "हो कोंबो." अंडं डावीकडच्या टोपात. "ही तलांग." अंडं उजवीकडच्या टोपलीत. टोपातली अंडी तव्यावर जायची, टोपलीतली खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग, म्हणजे पुढे अंडी देणारी कोंबडी, ही त्यांच्या आईची शिकवण होती. आईला तिच्या आईने शिकवलं होतं.

कांजूरमार्गच्या टेकडीवर आमची वस्ती आहे. तिच्या सगळ्यात वरच्या ओळीत, जिथे पायऱ्या संपतात आणि खडक सुरू होतो, तिथे काकींचं घर. घरामागे पत्र्याचं खुराडं. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवराही गेला. तिन्ही मुली लग्न होऊन चेंबूर, दिंडोशी अशा पांगल्या. काकींजवळ उरल्या कोंबड्या आणि जीभ. मुंबईत पन्नास वर्षं काढून त्यांची मालवणी अर्धी मुंबईची झाली होती, पण राग आला की पूर्ण गावची व्हायची.

माझी त्यांची ओळख एका पत्रकामुळे झाली. आमच्या घरात भांडी कमी आणि पत्रकं जास्त. वडील पाणी, रेशन, शौचालय अशा प्रत्येक प्रश्नावर पत्रक काढायचे आणि मी अक्षरओळख त्यातच केली. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या नऊ बायकांनी ठरवलं की घरामागे कोंबड्या पाळायच्या आणि गावठी अंडी खालच्या सोसायट्यांत विकायची. कोणाच्या हाताखाली न राबता बाईच्या हातात स्वतःची कमाई, याहून मोठा विषय मला कुठे मिळणार होता? मी पत्रक लिहायला घेतलं आणि माहिती विचारायला काकींकडे गेले.

"लिव," काय काय हवं ते बोटांवर मोजत त्या म्हणाल्या. "अंडी ताजी होई. कोंबडी खुडूक होई. आणि अंडा गोल होई. बाकी सगळा कोंबडी बघता."

मी लिहिलं. 'गोल अंडी बसवा, तलंगा मिळवा!' उद्गारचिन्हासकट, ठळक टायपात, पत्रकाच्या डोक्यावर. काकींनी ते चष्मा लावून वाचलं आणि भिंतीवर चिकटवलं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

नऊ जणींपैकी निर्मलाताई सगळ्यांत घाईत होती. ती पवईच्या टॉवरमध्ये चार घरची भांडी करायची आणि घरात तिच्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. कोंबड्यांना दुपारी बघायला माणूस हवं, अंडी पोचवायला वेळ हवा, म्हणून तिने चारपैकी दोन घरांची कामं सोडून दिली. मी तिला शाबासकी दिली. काकींनी तिला बारा अंडी निवडून दिली, सगळी चेंडूसारखी गोल, आणि वर आपली एक खुडूक कोंबडीही उसनी दिली.

एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. निर्मलाताईने वस्तीत पेढे वाटले नाहीत एवढंच. पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे सारखीच दिसतात. मग काहींचे तुरे लाल व्हायला लागतात, पाय जाड होतात, छाती पुढे येते. सातव्या आठवड्यात निर्मलाताई एक मोठी टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढून आली. मी तेव्हा काकींच्या ओट्यावरच होते. तिने टोपली खाली ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

"काकी, तलंगा म्हणाला होतात ना? बघा. दहातले सात. सातही तुरेवाले."

काकींनी एकेक उचलून पाहिलं. शेपटीची पिसं पाहिली, पाय पाहिले. बघण्यासारखं काही नव्हतं, एक तर तिथेच मान ताणून आरवायचा प्रयत्न करत होता.

"अंडी खयची होती?"

"तुमच्या हातची. बाराच्या बारा."

"वाटेत धक्को लागलो आसतलो."

"धक्का लागून कोंबडीचा कोंबडा होतो का काकी? तसं असतं तर बसमधून उतरताना सगळ्या बायका बाप्ये झाल्या असत्या."

मला हसू आलं, पण निर्मलाताई हसत नव्हती. "मी दोन घरं सोडली," ती म्हणाली. "त्या घरांनी दुसऱ्या दिवशी दुसरी बाई ठेवली. आता हे सात जण मला काय अंडी देणार?"

काकी उठल्या, खुराड्यात गेल्या आणि अंडी देणाऱ्या चार कोंबड्या पाय बांधून घेऊन आल्या.

"ह्यो चार घे. ते सात माका दी."

"मला उपकार नकोत, काकी."

"उपकार कोण करता? ही भरपाई. शब्द माझो होतो, तुझो नाय. उचल गप."

निर्मलाताईने कोंबड्या उचलल्या. त्या घटकेपासून काकींच्या घरामागे सात तरणे कोंबडे झाले. सगळे पहाटे चारला एकमेकांशी भांडण काढल्यासारखे ओरडायचे. खालच्या ओळीतून नऊ जणींपैकीच एक, शुभांगीवहिनी, ओरडायची, "ओ काकी, हा भोंगा बंद करा ना! गिरणी बंद झाली, पाळी कसली भरताय?" काकी वरून उत्तर द्यायच्या, "तू ऊठ आणि पाणी भर. टँकर तुका उठवूक येवचो नाय."

पण त्या आठवड्यात त्यांनी अंडी निवडणं थांबवलं होतं. बायका अंडी घेऊन आल्या तर म्हणायच्या, "हात बंद आसा." मला बोलावून त्यांनी समोर बसवलं. समोर दोन टोपल्या होत्या.

"पत्रकवाले, माका सांग. मी चाळीस वर्सां टोकदार अंड्यांचा काय केलंय?"

"तव्यावर टाकलीत."

"मग त्यात कोंबो होतो ह्या माका कोणी सांगितल्यान?"

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. टोकदार अंडं त्यांनी जन्मात कधी उबवलंच नव्हतं. त्यांची काळी कोंबडी लांबट, टोकदार अंडी घालायची. म्हणून त्या काळीच्या अंड्यातून एक पिल्लू कधी बाहेर आलं नव्हतं. सगळी तव्यावर गेली, गुन्हा सिद्ध न होता.

"आणि गोल अंड्यातून कोंबो निघालो तर?" त्यांनीच पुढे विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "तर मी म्हणायचंय, माझो हात चुकलो, अंडा गोल नव्हता. तलांग निघाली तर म्हणायचंय, बघा माझो हात. कोंबे कापून खाल्ले, देवाच्या राखणेक दिले, तलांगो घरामागच्या परड्यात ऱ्हवल्यो. परड्यात बघितलंय तर तलांगोच तलांगो. मोजलंय कधी नाय गो. एकदा पण नाय."

मी वडिलांच्या खोलीभर पुस्तकांत वाढले. स्वतःच्या चाळीस वर्षांच्या समजुतीची अशी उलटतपासणी कोणी घेतलेली मी त्यांत वाचली नव्हती आणि बाहेरही पाहिली नव्हती. माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. मी म्हटलं, "काकी, कशाला वाढवायचं? एखाद्या वेळी होतं असं. लोक विसरतील."

"लोक विसरतले. मी काय करू?"

त्यांनी दोन्ही तऱ्हेची अंडी उबवून मोजायचं ठरवलं. एकाच वेळी खुडूक झालेल्या दोन कोंबड्या निवडल्या. एकीखाली अकरा गोल अंडी, दुसरीखाली अकरा टोकदार, त्यात बहुतेक काळीची. गोल अंड्यांवर कोळशाने वर्तुळ, टोकदारांवर रेघ. साक्षीदार म्हणून निर्मलाताईला बोलावलं. ती म्हणाली, "मला कशाला काकी, माझं काम झालं."

"तुझा नुकसान झाला, म्हणान तूच होई. माझ्या बाजूची बाई माका सांभाळून घेयत. तू घेवची नाय."

पिल्लं निघाली तशी काकींनी त्यांच्या पायात सुताचे धागे बांधले. गोल अंड्यातल्यांना लाल, टोकदारमधल्यांना निळे. पाय वाढतो आणि धागा रुततो, म्हणून दर रविवारी धागे सोडून नवे बांधायचे. हे काम माझ्याकडे आलं. काळीच्या अंड्यांतली पहिली पिल्लं पाहायला काकी दिवसातून दहा वेळा खुराड्यात वाकायच्या. काळीच्या अंगावर होता तसाच काळा रंग त्यांतल्या दोघांच्या पाठीवर होता. "बघ गो," त्या त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "इतकी वर्सां मी ह्येंका मिरची-मीठ लावून खाल्लंय."

आठव्या आठवड्यात मोजणी झाली. लाल धाग्याचे नऊ, त्यात पाच कोंबडे आणि चार तलंगा. निळ्या धाग्याची आठ निघाली होती, एक घारीने उचललं, राहिली सात. त्यात तीन कोंबडे, चार तलंगा. मी उडीच मारली. "सिद्ध झालं! टोकदारमधून जास्त तलंगा. उलटंच आहे!"

काकींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खाली बसले. "चाळीस वर्सां मी एक खोटा सांगितलंय. आता तू उलटा करून दुसरा सांग. घारीन नेला ता काय होता? तुका म्हायत?"

"नाही."

"मग बस. परत बसवूया."

परत बसवलं. म्हणजे पुन्हा तीन आठवडे कोंबड्या बसल्या, पुन्हा रविवारचे धागे. मी मधल्या काळात दोनदा कंटाळले आणि एकदा भांडले. काकींनी एकदाही कंटाळा केला नाही. दुसऱ्या खेपेला लाल धाग्यांत तीन कोंबडे, पाच तलंगा. निळ्यांत पाच कोंबडे, चार तलंगा. काकींनी जमिनीवर शेंगा मांडल्या, कोंबड्यासाठी अख्खी आणि तलंगेसाठी सोललेली. गोल अंड्यांच्या बाजूला सतरा, आठ अख्ख्या आणि नऊ सोललेल्या. टोकदारच्या बाजूला सोळा, आठ आणि आठ.

मी दरम्यान एका गुरांच्या डॉक्टरांना विचारून आले होते. कोंबड्यांमध्ये नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं, अंडं घातलं जाण्याआधीच, आणि बाहेरच्या आकाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. हिशोब साधारण निम्मानिम्माच. मी हे काकींना सांगितलं.

"कोंबडी ठरवता?"

"हो."

"आणि तिका म्हायत असता?"

"नाही."

"मग माका कसा म्हायत असतला?" त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मला वाटलं, आता विषय संपला. माझ्या डोक्यात नवीन पत्रकही तयार होतं. कोंबडीच्या घरात सगळ्यांना मुलगीच हवी आणि माणसाच्या घरात मुलगा, असं काहीसं जळजळीत. काकींनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला. "माझ्या तिनी चेडवांका ह्येच्यात आणू नको. त्येंच्या वेळी सासूचा काय ऐकलंय ता माझा माका ठाऊक. कोंबडीच्या कागदार कोंबडीचा लिव. आधी चुकीचा लिवलंस ता बरोबर कर."

"करते. खाली एक ओळ टाकते, 'मागील पत्रकात सुधारणा' म्हणून."

"खाली नाय. वर. चूक मोठ्या अक्षरात छापूची. बरोबर बारीक छापलंस तरी चलात, लोक ता शोधून वाचतत."

मी विरोध केला. लोक आपल्या गटाला हसतील, पुढच्या पत्रकावर विश्वास कोण ठेवेल, पाण्याच्या प्रश्नावर आपलं कोण ऐकेल, असं बरंच बोलले. खरं कारण असं की ते उद्गारचिन्ह माझं होतं. काकी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझो बापूस नगरसेवकाक 'चूक कबूल करा' म्हणान कागद काढता ना? मग?"

पत्रक निघालं. डोक्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'गोल अंड्यातून तलंग निघते, हे आम्ही चुकीचं सांगितलं.'

पण काकींना तेवढं पुरलं नाही. नऊपैकी चार जणींना वाचता येत नव्हतं. गुडघ्यांची तक्रार असलेली ती बाई एका सकाळी वरच्या ओळीपासून खालच्या नळापर्यंत पायऱ्या उतरली आणि नऊच्या नऊ दारांत थांबली. मी पाठीमागे होते. प्रत्येक दारात एकच वाक्य. "मी तुका गोल अंडी निवडून दिलंय, ता माझा चुकला. अंड्यावरसून काय कळणा नाय. अर्धे कोंबे धरूनच चल."

आणि इथे मला धक्का बसला. कोणी रागावलं नाही, पण कोणी ऐकतही नव्हतं. "असं कसं काकी, तुमचा हात वेगळा आहे." "माझ्याकडे तर पाच तलंगा निघाल्या तुमच्या हाताने." एकीने चक्क आतून अंड्यांची परडी आणली. "आलाच आहात तर हात लावून द्या. निवडू नका, नुसता हात लावा."

काकींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "हात लावचंय नाय," त्या म्हणाल्या. "पोरी, माका देव करू नको. देवाक चूक सुधारूक मिळणा नाय."

खालच्या नळाशी सगळ्या जमल्या तेव्हा प्रश्न आला तो शुभांगीवहिनीकडून. "अर्धे कोंबडे धरून चाला म्हणता. पण निर्मलाला दहात सात निघाले, मला आठात दोनच. अर्धे कुठे झाले?"

काकी नळाच्या कठड्यावर बसल्या. "एका घरात नशीब उड्या मारता. नऊ घरांत ता दमून खाली बसता. तुझे दोन, हिचे सात, तिचे चार, सगळे एकत्र कर आणि मग मोज. निम्म्याच्या जवळ येतला." मग त्यांनी आपला बेत सांगितला. प्रत्येकीने अंडी आपापल्या घरी बसवायची, पण पिल्लं कोणाची हे तुरे दिसेपर्यंत ठरवायचं नाही. आठव्या आठवड्याला सगळी नळाशी आणायची. तलंगा नऊ घरांत सारख्या वाटायच्या, कोंबडेही सारखे वाटायचे. कोंबडे वाढवून विकायचे, तेही फुकट जाणार नाहीत. आणि चार तलंगा हव्या असतील तर चार अंडी बसवून स्वप्नं बघायची नाहीत.

"माझं नशीब मी का वाटू?" शुभांगीवहिनी म्हणाली.

"वाटू नको. पुढच्या वेळी तुरे निघाले तर माझ्या दारात मात्र बोंब मारू नको."

शुभांगीवहिनी बाहेर राहिली. बाकी आठ जणी आत आल्या. मी आयुष्यभर समान वाटपावर पत्रकं वाचली, पण ते प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिलं ते त्या नळाशी, टोपल्यांमध्ये फडफडताना. दुसऱ्या वाटणीला निर्मलाताईच्या वाट्याला पाच तलंगा आल्या. काकींच्या चार कोंबड्या तिने आधीच परत केल्या होत्या, पाय बांधून, काही न बोलता. तिने टॉवरमधलं तिसरं घर सोडलं तेव्हा मात्र आधी मला विचारलं, "पत्रकात काही चुकलेलं नाही ना गं?" शुभांगीवहिनी तिसऱ्या वेळी आली. सहा कोंबडे घेऊन. काकींनी तिला कठड्यावर जागा करून दिली आणि एवढंच म्हणाल्या, "भोंगे आणलंस?"

गेल्या थंडीत काकी गेल्या. न्यूमोनिया झाला, तीन दिवसांत संपलं. तेराव्याला त्यांच्या ओट्यावर आणि पायऱ्यांवर सगळी वस्ती बसली होती. मुली, जावई, गावचे लोक. एक जण उठून बोलायला लागले, वस्तीतलेच, चांगले गृहस्थ. म्हणाले, भागीकाकींच्या हातात दैवी शक्ती होती. त्यांनी अंड्याला हात लावला की त्यातून तलंगच निघायची, आमच्या वस्तीतल्या बायकांचं भलं त्या हाताने झालं. लोक माना हलवत होते. कोणी डोळे पुसत होतं. मी उठायला हवं होतं. मला वाटलं, आज नको, आज त्यांच्या मुली समोर बसल्या आहेत.

निर्मलाताई उठली. तिने कधी चार माणसांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "काकींच्या हातात तसं काही नव्हतं. त्यांनी मला बारा अंडी दिली, त्यातून सात कोंबडे निघाले. माझं काम गेलं होतं. काकी चुकल्या होत्या. मग त्यांनी सहा महिने मोजलं आणि गुडघे दुखत असताना नऊ घरी जाऊन 'माझं चुकलं' म्हणून सांगितलं. मी इथे जगते ती त्या सांगण्यावर. त्यांच्या नावावर उगाच चमत्कार लावू नका. त्यांना चाललं नसतं."

ते गृहस्थ उभेच राहिले होते. मी काकींच्या मोठ्या मुलीकडे बघायचं टाळत होते. आईच्या तेराव्याला आईची चूक कोणी अशी काढली तर कोणाला आवडेल?

मोठीने नाक पुसलं. "खरं आहे ते," ती म्हणाली. "आम्हा तिघींना फोन करून सांगितलं होतं तिने. गावाला मामीलाही फोन केला. अर्धा तास भांडत होती तिच्याशी, मोज म्हणून." मग दुसऱ्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या मामीकडे वळून तिने विचारलं, "मामी, मोजलंस काय गो?"

मामीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "ह्या वर्साक बसवतंय," ती म्हणाली. "दोनय तऱ्हेची."